चार नंबरचा बेड आणि बांगडा

आमच्या सेंटरमध्ये पाच नंबरचा बेड माझा. डायलिसिसचे चार तास बहुतेक जण झोपून काढतात, नाहीतर मोबाइलवर. मी सुरुवातीचे काही महिने मशीनकडेच बघत बसायचो. एसटीच्या कार्यशाळेत 33 वर्षं डिझेल इंजिनांखाली गेली, त्यामुळे पंप, प्रेशर, फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, हे सगळं ओळखीचं. एका सुईतून रक्त बाहेर येतं, डायलायझरमधून फिरतं आणि दुसऱ्या सुईतून परत आत जातं. डायलायझर म्हणजे वीतभराहून थोडी मोठी प्लॅस्टिकची नळी, आत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. डाव्या मनगटावर धमनी आणि शीर जोडून सुया टोचायला जागा केलेली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागते, आयडलिंगला उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवल्यासारखी. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी मी ती थरथर तपासतो.

साखर 18 वर्षांपासूनची. 2022च्या सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चारच्या वर गेलं तेव्हा एका दवाखान्यात आहाराचा झेरॉक्स कागद हातात दिला. त्यात ब्रोकोली होती, ॲस्परॅगस होतं, आणि खाली पेनाने लिहिलेलं होतं, 'मासे, मटण, डाळ बंद'. ब्रोकोली आमच्या बाजारात कधी दिसली नाही, म्हणून ती न खाणं सोपं गेलं. मासे बंद होणं म्हणजे काय, ते मालवणी माणसाला समजावून सांगायला नको. ऑगस्ट 2023 मध्ये डायलिसिस सुरू झालं, सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशांचा भार हलका झाला, पण घरापासून सेंटर 38 किलोमीटर, पहाटेची पहिली गाडी. कागद मात्र तोच राहिला, फ्रिजवर चिकटवलेला.

त्यात डायलिसिसची पथ्यं येऊन मिळाली. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट सगळं आलं. शहाळं बंद, कारण पोटॅशियम. भाज्या बारीक चिरून गरम पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायच्या. चव त्या पाण्याबरोबरच जाते. परड्यातल्या करमळीची, म्हणजे स्टार फ्रूटची, तर आमच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी भीतीच घातली. करमळ माशाच्या कढीत आंबटाला घालतात आमच्याकडे. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात त्यातलं विष साठतं. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग फिट्स. डायलिसिसवर असाल आणि दारात करमळ असेल, तर माझं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या हिची चिडचिड सुरू झाली. "माशे बंद, नारळ बंद, डाळ बंद. मगे ह्यांका वाढू काय, दगड?" ती मऊ भात आणि पाणी काढलेला दुधी वाढायची. मी खायचो. दीड वर्षात दंडाचं मांस असं गेलं की शर्टाच्या बाह्या लोंबायला लागल्या.

चार नंबरच्या बेडवर वेंगुर्ल्याकडचे एक काका असायचे. जन्मभर रापणीवर गेलेले. त्यांचेही मासे बंद. सुया टोचून झाल्या की ते डोळे मिटून म्हणायचे, "आज दर्या कसो असात रे?" मी काहीतरी सांगायचो. एकदा हसत म्हणाले, "जन्मभर मासो वडलंय, आता डॉक्टर म्हणता मासो बघ, पण खाव नको." त्यांचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले असायचे. पोटॅशियम पाचच्या आत, दोन डायलिसिसच्या मधे वजन जेमतेम दोन किलो वाढलेलं. जानेवारी 2025 मधल्या एका सोमवारी बेड रिकामा होता. रविवारी रात्री जेवले, झोपले, पहाटे उठलेच नाहीत. टेक्निशियन दादाने मशीन चालू केलं नाही, चादर तेवढी बदलली.

गुरुवार ते सोमवार. मधले तीन दिवस.

घरी आल्यावर मी सुनेला विचारलं. सूनबाई सातारा जिल्ह्यातली, माळकरी घरातली, कुडाळात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लग्न होऊन आली तेव्हा मासळीच्या वासाने मागच्या दारी जाऊन उभी राहायची. मी म्हटलं, त्यांचं सगळं नॉर्मल होतं, मग गेले कसे? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, डायलिसिसवरची बरीच माणसं किडनीने जात नाहीत, हृदयाने जातात. आणि त्यातली कितीतरी अशीच, अचानक." पुढच्या रविवारी तिने मला कागदावर काढून दाखवलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या हजारो रुग्णांची नोंद तपासली गेली होती. तिथे आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, तरी दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त निघालं. पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ठोका बिघडायला तेवढं निमित्त पुरतं. आमचा खंड तर तीन दिवसांचा.

मी विचारलं, कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन काही होईल का? आपल्याकडे हृदय म्हटलं की कोलेस्टेरॉल. तिने सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. डायलिसिसवरच्या लोकांना या गोळ्या देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 2005 मध्ये जर्मनीत मधुमेह असलेल्या 1255 जणांवर आणि 2009 मध्ये दुसरी, 2776 जणांवर. कोलेस्टेरॉल छान उतरलं. मृत्यू आणि अटॅकमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. उलट डायलिसिसवर ज्यांचं कोलेस्टेरॉल फार कमी, ते कुपोषित असल्यामुळे लवकर जातात असंही दिसतं. इंजिन तेच, पण गाडी वेगळ्या रस्त्यावर चालते म्हटल्यावर मॅन्युअल चालत नाही, असं मी मनाशी समजून घेतलं.

"मग रक्तातली चरबी बघायचीच नाही?"

"बघायची," ती म्हणाली, "पण किती, त्यापेक्षा कसली ते बघायचं."

तिथून फॅटी ॲसिडची गोष्ट सुरू झाली. रात्रीची जेवणं आटोपली की ती मोबाइल घेऊन बसायची आणि मला समजेल अशा मराठीत सांगायची. आपल्या पेशींचं आवरण चरबीचं असतं आणि ती चरबी आपण खातो त्या चरबीतून येते. माशाच्या चरबीत ईपीए आणि डीएचए नावाची लांब साखळीची ओमेगा-3 फॅटी ॲसिडं असतात. ती हृदयाच्या पेशींच्या आवरणात जाऊन बसली की सोडियम आणि कॅल्शियम आत-बाहेर जाण्याच्या वाटा जरा शांत होतात, उगाच ठिणगी पडत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. सोयाबीन, सूर्यफूल, करडई या तेलांत ओमेगा-6 भरपूर, पण ईपीए-डीएचए नाही.

माझा प्रश्न मेकॅनिकचा होता. हे मशीन ती चरबी गाळून टाकतं का? तर नाही. चरबी रक्तात एकटी फिरत नाही; मोठ्या कणांत भरून किंवा अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून जाते, आणि डायलायझरच्या छिद्रांतून हे दोन्ही जात नाहीत. म्हणजे डायलिसिसवरच्या लोकांच्या रक्तात ओमेगा-3 कमी सापडतं, त्यात मशीनचा दोष फारसा नाही. दोष ताटाचा. आमच्यासारख्यांना पहिल्या दिवसापासून 'हे नको, ते नको' एवढंच शिकवलेलं असतं.

फेब्रुवारीत नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमच्या तपासणीला सून माझ्याबरोबर आली. अल्ब्युमिन 3.1 आलं होतं, म्हणजे कमी, आणि फॉस्फरस 6.4, म्हणजे जास्त. मी फ्रिजवरून काढून नेलेला तो झेरॉक्स कागद मॅडमनी वाचला आणि विचारलं, "हे अजून पाळताय?" मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी खायची असतात, किडनीवरचा भार कमी व्हावा म्हणून. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटं होतं, कारण दर वेळी मशीनमधून कितीतरी ग्रॅम अमिनो ॲसिड वाहून जातात. वजनाच्या दर किलोमागे एक ते 1.2 ग्रॅम प्रथिनं रोज पाहिजेत. माझ्या 58 किलोला 60 ते 70 ग्रॅम. मी त्याच्या निम्म्यावरही नव्हतो. दीड वर्ष मी मनापासून चुकीचं पथ्य पाळत होतो, आणि कुणी विचारलं नाही म्हणून ते तसंच चाललं. राग कुणावर काढायचा? कागद देणाऱ्याने दिला तेव्हा तो बरोबरच होता.

सुनेने माशाच्या चरबीचा विषय काढला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मासे खायचे. पण आधी तिसरं डायलिसिस. तुम्ही दोनदा येता आणि ओमेगा-3 विचारता, म्हणजे ब्रेक ऑइल नाही आणि टायरची हवा तपासताय." माझा धंदा त्यांना ठाऊक होता. तिसऱ्या फेरीसाठी मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या पाळीत जागा लागत होती. ती होती. चार नंबरच्या बेडची. त्या काकांचं नाव तिसऱ्या फेरीसाठी आधीच लागलेलं होतं, ते जायच्या आधीपासून. मी दोन दिवस हो म्हटलं नाही. मग म्हटलं.

सुनेला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. मासे सुरू करण्याआधी माझ्या रक्तात काय आहे ते मोजायचं तिने ठरवलं. ओमेगा-3 इंडेक्स नावाची तपासणी असते. लाल पेशींच्या आवरणातल्या एकूण फॅटी ॲसिडांपैकी ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, ते त्यात कळतं. 2004 मध्ये दोन संशोधकांनी ही कल्पना मांडली. आठ टक्के किंवा वर चांगलं, चारच्या खाली वाईट. हे आकडे आमच्यासारख्यांसाठी बेतलेले नाहीत, सर्वसाधारण लोकांसाठी आहेत. योजनेत ही तपासणी बसत नाही. गॅसचे दोन-तीन सिलिंडर येतील एवढे पैसे लागले. नमुना मुंबईला पाठवायचा होता.

रक्त कधी घ्यायचं यावर तिचं आणि टेक्निशियन दादाचं थोडं वाजलं. दादाला मशीन सुरू झाल्यावर लाइनमधून काढणं सोपं होतं. ती म्हणाली, सुई टोचल्याबरोबर, हेपारिन जायच्या आधी. हेपारिन रक्त गोठू नये म्हणून देतात, पण ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर चिकटलेलं, चरबी फोडणारं एन्झाइम सोडवून रक्तात आणतं आणि सुट्या फॅटी ॲसिडांचा आकडा बघता बघता वर जातो. लाल पेशींच्या आवरणात तासाभरात बदल होत नाही, म्हणून या तपासणीला तसा धोका कमी. पण ती लॅबवाली. तिला नमुना स्वच्छच लागतो. दादा हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, आमच्यासारख्यांची त्याहून कमी. त्यामुळे हा आकडा काल काय खाल्लं ते सांगत नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च सांगतो. माझा आला 3.6. समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाचा. आमच्या हिने आकडा ऐकून विचारलं, "म्हणजे कमी काय जास्त?" कमी म्हटल्यावर ती उठली आणि फ्रिजवरचा कागद फाडून चुलीत घातला. एवढं नाट्य मला अपेक्षित नव्हतं.

या काळात सुनेने मला जे अभ्यास सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले, कारण सेंटरमध्ये लोक विचारायचे. 2002 मध्ये अमेरिकेत नव्याने डायलिसिसवर आलेल्या 216 जणांचा मागोवा घेतला गेला. मासे खातो म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका जवळपास निम्मा दिसला. 2011 मध्ये जपानमधला अभ्यास आला, 176 रुग्ण, पाच वर्षं. ज्यांच्या लाल पेशींत डीएचए जास्त, ते जास्त जगले. 2013 मध्ये पुन्हा अमेरिकेत, पहिल्याच वर्षात अचानक हृदय थांबून गेलेल्या 100 जणांचं साठवलेलं रक्त आणि जगलेल्या 300 जणांचं रक्त शेजारी ठेवून तपासलं. ज्यांच्या रक्तात लांब साखळीचं ओमेगा-3 जास्त, त्यांच्यात असा मृत्यू बराच कमी. हे ऐकताना मला चार नंबर आठवला नाही असं कसं होईल.

पण सून लगेच लगाम घालायची. मासे खाणारा माणूस एकूणच बरा खाणारा असू शकतो, त्याला भूक असते, हातात चार पैसे असतात. जगला तो माशामुळे की भुकेमुळे, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना तेल द्यायचं आणि निम्म्यांना नुसतं दिसायला तसलंच काहीतरी. डेन्मार्कमध्ये 2006 साली तसं 206 जणांवर केलं होतं. दोन वर्षांनी मुख्य निकालात फरक शून्य. हार्ट अटॅक मात्र एका गटात 13, तेल घेणाऱ्यांत 4. म्हणजे आशा वाटावी इतकं, खात्री धरावी इतकं नाही. मी वहीत शेवटी 'नक्की नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मासे मात्र सुरू झाले, आणि इथे खरा अभ्यास आमच्या हिचा. माशात फॉस्फरस असतो. 100 ग्रॅम बांगड्यात दोनशे मिलिग्रॅम किंवा थोडा जास्तच, आणि दिवसभरात मला आठशे ते हजाराच्या आत राहायचं. म्हणून एक मध्यम बांगडा, आठवड्यातून चार वेळा, आणि जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर फॉस्फरस बाइंडरची गोळी. जेवण झाल्यावर घेतली तर गोळी पोटात एकटीच फिरते, पकडायला काही उरत नाही. मी कित्येक महिने ती झोपताना घेत होतो! तारली काट्यासकट खायची सवय सोडली, कारण काट्यात फॉस्फरसच फॉस्फरस. त्या बदल्यात शेव-फरसाण आणि काळं थंड पेय पूर्ण बंद. पेयात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच अंगात शिरतो, माशातला तेवढा शिरत नाही. सुकी मासळी मात्र सुटली ती सुटलीच. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, सगळं मिठात मुरलेलं. मीठ म्हणजे तहान आणि तहान म्हणजे वजन. पावसाळ्यात भाकरीबरोबर भाजलेला खारा बांगडा नाही, याचं दुःख मला शहाळ्यापेक्षा मोठं आहे.

बांगड्याचं तिखलं ती मीठ निम्मं करून, तिरफळं दोन जास्त घालून करायला लागली. तिरफळ जिभेला बधिर करतं, मिठाची आठवण तेवढी कमी होते. नारळाचा रस नाही, वाटण नावापुरतं. पहिल्या दिवशी ताट समोर आलं तेव्हा तीन वर्षांनी बांगडा खात होतो. सून दारातून बघत होती. "कसा झालाय?" मला बोलता आलं नाही. काटा अडकला म्हणून सांगितलं.

1 जूनला मासेमारीबंदी लागली. 31 जुलैपर्यंत यांत्रिकी होड्या किनाऱ्याला. बाजारात जे मिळे ते बर्फातलं आणि महाग. तेव्हा कॅप्सूलचा विषय निघाला. औषधाच्या दुकानातून मी फिश ऑइलची बाटली आणली, वर ठळक अक्षरांत 1000 मिलिग्रॅम. सुनेने बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. ईपीए 180, डीएचए 120. म्हणजे हजारात कामाचं तीनशे, बाकी साधं माशाचं तेल. असल्या गोळ्यांनी चाचण्यांमधला डोस गाठायचा तर दिवसाला आठ, आणि आठ गोळ्या गिळायला पाणी किती? माझ्या लिटरमधला पेलाभर त्यातच जायचा. शिवाय दुपारभर ढेकरांना तारलीचा वास. मॅडमनी त्या दोन महिन्यांपुरत्या दिवसाला दोन घ्यायला सांगितल्या.

याच दिवसांत एका नातेवाइकाने मोरी माशाच्या (शार्कच्या) काळजाचं, म्हणजे लिव्हरचं, तेल आणून दिलं, 'आमच्या आज्याक हेच देत' म्हणून. भावना मोठी, पण मॅडमनी ते सरळ परत करायला लावलं. माशाच्या अंगातलं तेल वेगळं आणि काळजातलं वेगळं. काळजाच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात आधीच साठलेलं असतं, मशीन ते काढत नाही. कॉड लिव्हर ऑइलचंही तेच.

सुनेच्या माहेरची माणसं आली होती तेव्हा तिच्या आईने जवसाची चटणी आणली. जवसात ओमेगा-3 आहेच, पण आखूड साखळीचं. त्याचं ईपीए करायला शरीर फार कंटाळा करतं आणि डीएचए तर त्याहून कमी करतं. सून हे माहेरच्या माणसांसमोर बोलली नाही. चटणी मी चिमूटभर खाल्ली. तिच्यासारख्या शाकाहारी डायलिसिसवाल्याने काय करायचं, हे मी तिला एकदा विचारलं. शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं म्हणाली, महाग असतं.

ऑक्टोबरमध्ये दुसरी तपासणी. 6.2. अल्ब्युमिन 3.7, फॉस्फरस 5.3. दंड थोडा भरला. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, मॅडमनी दीड किलोने वाढवलं, म्हणजे अंगात पाणी नाही, मांस आलं. यातलं माशाचं किती, तिसऱ्या डायलिसिसचं किती, हे कुणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही. फिल्टर, नोझल आणि ऑइल एकाच दिवशी बदललं की गाडी कशाने सुधारली ते सांगता येत नाही. ड्रायव्हरला त्याचं काही पडलेलं नसतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये सून लॅबमधून आली तीच ओरडत, "बाबा, वही काढा." कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी जाहीर झाली होती. डायलिसिसवरचे 1228 जण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला रोज चार ग्रॅम माशाचं तेल, त्यात 1.6 ग्रॅम ईपीए आणि 0.8 ग्रॅम डीएचए. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या गोळ्यांत मक्याचं तेल. साडेतीन वर्षं. हृदयाने येणारा मृत्यू, अटॅक, पक्षाघात, रक्तपुरवठा बंद होऊन पाय कापावा लागणं, हे सगळं मिळून तेल घेणाऱ्यांत 43 टक्क्यांनी कमी. दुष्परिणाम दोन्हीकडे सारखेच. साखरेच्या माणसाला पाय कापणं या शब्दांनी जे होतं ते मला झालं. 'नक्की नाही' खालच्या दोन रेघांजवळ मी प्रश्नचिन्ह काढलं. खोडलं नाही, कारण सूनच म्हणाली, एका चाचणीवर उड्या मारायच्या नसतात, आणि तिथल्या माणसांचं ताट, मशीन, आठवडा आपल्यासारखा नाही.

मॅडमनी बातमी आधीच वाचली होती. त्यांनी ईसीजी काढायला लावला, कारण जास्त डोसच्या ओमेगा-3ने दुसऱ्या काही रुग्णांत ठोक्याची अनियमितता वाढलेली दिसली आहे. रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का ते विचारलं. सुया काढल्यावर रक्त थांबायला किती मिनिटं लागतात, ते दादाकडून महिनाभर लिहून घेतलं. दहा-बारा मिनिटं, आधीइतकीच. मग जास्त दाट तेलाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दिवसाला चार, जेवणाबरोबर. "बांगडा थांबवू नका," म्हणाल्या. "कॅप्सूलमध्ये प्रथिनं नसतात."

या वर्षीच्या बंदीच्या तयारीला आमची ही एप्रिलपासूनच लागली. बांगडे साफ करून, एकेक वेगळा बांधून फ्रीझरमध्ये. पिशवीवर तारीख घालायचं काम सुनेचं. ती अजूनही मासा हाताने उचलत नाही, चिमट्याने धरते.

माझ्या जुन्या पाच नंबरच्या बेडवर आता आचऱ्याकडचा एक तिशीतला मुलगा येतो, त्याच मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या पाळीत. परवा त्याने विचारलं, "काका, तुमी मासे खाताय म्हणतत ता खरा?" मी म्हटलं, "खरा. तुजो फॉस्फरस किती?" त्याला माहीत नव्हता. उशीखालून त्याने फाइल काढली. त्यात पहिलंच पान आहाराच्या झेरॉक्सचं होतं. ब्रोकोलीसकट.